भूतानच्या राजा-राणीचे फोटो नुसते बघू नका, वाचायला शिका

पारो एअरपोर्टवर उतरलं की लोक पहिला फोटो डोंगराचा काढत नाहीत, राजा-राणीच्या भल्यामोठ्या फोटोसमोर उभं राहून काढतात. आमच्या ग्रुपमध्ये पण तेच झालं. बॅगा बेल्टवर फिरत होत्या आणि माझी मावशी त्या फोटोपुढे उभी, "अगं किती गोड आहे गं ही, आणि तो बघ, सिनेमातला हिरोच". मग पुढचे सात दिवस तो चेहरा आमच्यासोबतच होता, हॉटेलच्या रिसेप्शनला, किराणा दुकानात, जेवायला बसलो तिथे समोरच्या भिंतीवर, लोकांच्या छातीवर छोट्या बॅजमध्ये सुद्धा. आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाचे गाईडला तेच प्रश्न, वय किती, लव्ह मॅरेज का, मुलं किती, ती काय नेसते, तो रोज असाच झगा घालतो का.

हे कुतूहल मला फार आवडतं, मी स्वतः त्यात पूर्ण बुडालेली आहे. पण ट्रिपच्या तिसऱ्या दिवशी मला कळलं की आपण चुकीच्या जागी बघतोय. चेहरे तर सुंदर आहेतच, पण भूतानमध्ये सगळी गोष्ट कापडावर लिहिलेली असते आणि ती वाचता आली की तोच फोटो दहा मिनिटं बघावासा वाटतो. म्हणून ज्यांना भूतानला जायचंय, किंवा घरी बसून या जोडीला फॉलो करायचंय, त्यांच्यासाठी मी जे शिकले ते सगळं लिहितेय.

आधी पटकन बेसिक माहिती, म्हणजे गाईडला परत तेच विचारावं लागणार नाही. राजे म्हणजे जिग्मे खेसर नामग्याल वांगचुक, पाचवे राजे, जन्म 21 फेब्रुवारी 1980. वडिलांनी स्वतःहून गादी सोडली म्हणून डिसेंबर 2006 मध्ये हे राजे झाले, राज्याभिषेक नोव्हेंबर 2008 मध्ये. त्या आधी 2006 मध्येच युवराज असताना थायलंडच्या राजांच्या समारंभाला गेले होते आणि तिथल्या मुली अक्षरशः वेड्या झाल्या होत्या त्यांच्यासाठी, म्हणजे आपण पहिले नाही. राणी जेत्सुन पेमा, जन्म 4 जून 1990, शाळा काही वर्षं आपल्याकडे हिमाचलमध्ये सनावरच्या लॉरेन्स स्कूलला. मे 2011 मध्ये राजांनी स्वतः संसदेत लग्नाचं जाहीर केलं आणि 13 ऑक्टोबर 2011 ला पुनाखा झोंगमध्ये (झोंग म्हणजे तिथला किल्ला, आत मठ आणि सरकारी ऑफिसं) लग्न झालं, ते 31 चे आणि ती 21 ची. मुलं तीन, दोन राजपुत्र 2016 आणि 2020 चे आणि छोटी राजकन्या 2023 ची. वडिलांनी एकमेकींच्या सख्ख्या अशा चार बहिणींशी लग्न केलेलं आणि मुलाने मात्र एकच राणी असेल असं ठरवलं, यावर आपल्या लोकांची फार कुजबुज चालते. ती बसमध्ये गाईडसमोर करू नका, त्या चारही राजमाता तिथे फार आदराच्या आहेत.

आता फोटो समोर घ्या. कुठलाही घ्या, मोबाईलवरचा चालेल.

सगळ्यात आधी राजांच्या खांद्याकडे बघा. डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे एक लांब रुंद वस्त्र येतं, आपल्या उपरण्यासारखं पण बरंच मोठं. त्याला कब्ने म्हणतात. त्याचा रंग म्हणजे त्या माणसाचं पद. पिवळा फक्त दोघांना, राजे आणि तिथले मुख्य धर्मगुरू ज्यांना जे खेन्पो म्हणतात. नारिंगी मंत्र्यांचा, निळा खासदारांचा, हिरवा न्यायाधीशांचा, लाल राजांनी मान दिलेल्या लोकांचा म्हणजे ज्यांना दाशो म्हणतात ते, आणि साध्या नागरिकाचा पांढरा, झालरवाला. एवढं एक पाठ केलंत की कुठल्याही समारंभाचा ग्रुप फोटो उलगडायला लागतो, कोण कोणाच्या शेजारी उभं आहे, कोण वाकलंय. मी आईला हे शिकवलं आणि ती परतीच्या प्रवासात पेपरमधला फोटो बघून "हा निळा, म्हणजे आमदार-खासदार" असं धडाधड सांगत होती. बायकांचं कब्ने नसतं, त्यांचं राचू, अरुंद पट्टा, डाव्या खांद्यावर घडी घालून टाकलेला, बहुतेक वेळा लाल आणि त्यावर नक्षी.

आणि फोटोत कब्ने नसेल तर? तेही वाचायचं. म्हणजे प्रसंग औपचारिक नाही, राजे फिरतीवर आहेत किंवा घरच्यांबरोबर आहेत.

मग झग्याकडे या. त्याला झगा म्हणू नका, घो म्हणा. पायापर्यंत येईल एवढा लांब अंगरखा असतो तो, तो गुडघ्यापर्यंत वर उचलून कमरेला केरा नावाच्या विणलेल्या पट्ट्याने घट्ट बांधतात, मागे दोन सारख्या चुण्या पडल्या पाहिजेत आणि पोटावर जो फुगवटा राहतो त्याचा मोठा खिसा होतो. आमचा ड्रायव्हर त्यातून पाकीट, मोबाईल, सुपारी, सगळं काढायचा. मनगटावर पांढरे रुंद कफ उलटे दुमडलेले दिसतात त्यांना लागे म्हणतात, ते स्वच्छ असणं फार महत्त्वाचं. राजांच्या फोटोत ते बघा, चुणी आणि कफ. घो नीट बांधणं हे शिकावं लागतं, आपल्याकडे धोतर नेसता येणं कसं असतं तसंच. पायात गुडघ्यापर्यंत मोजे आणि मोठ्या समारंभात शिवलेले पारंपरिक बूट, आणि राजांचे असतील तर त्यावर पिवळा रंग.

आता राणीसाहेब. आमच्या घरात हेच नाव पडलंय त्यांना.

इथे मी जरा जास्त वेळ घेणार कारण सगळ्या बायकांचा जीव इथेच अडकतो. राणी जे नेसते ते किरा. हे शिवलेलं नसतं, एक मोठं चौकोनी विणलेलं कापड असतं जे अंगाभोवती गुंडाळून दोन्ही खांद्यांवर चांदीच्या पिनांनी अडकवतात, त्या पिना म्हणजे कोमा, आणि कमरेला केरा. आत वोंजू म्हणजे लांब बाह्यांचा ब्लाउज आणि वरून तेगो म्हणजे छोटं मोकळं जॅकेट. वोंजूच्या बाह्या तेगोच्या बाह्यांवर उलट्या दुमडतात म्हणून मनगटावर एक वेगळ्या रंगाची पट्टी दिसते. राणीच्या फोटोत ती रंगसंगती आवर्जून बघा, किरा, तेगो आणि मनगटाची पट्टी, तीन रंग. मला वाटतं लोकांना ती "एवढी छान का दिसते" याचं अर्धं उत्तर त्या पट्टीत आहे. गळ्यात बऱ्याचदा पोवळी आणि झी नावाचे जुने धारीदार दगडी मणी. पोवळं म्हटल्यावर माझी आजी आठवली मला, तिच्या गळ्यात पण असायचं.

घोवर पट्टे सहसा उभे येतात आणि किऱ्यावर आडवे, हे एकदा लक्षात आलं की जोडीचा फोटो वेगळाच दिसायला लागतो.

आणि कापड कुठलं आहे ते ओळखायला शिका. सगळ्यात मानाचं म्हणजे कुशुथारा, मूळ पूर्वेकडच्या ल्हुंत्से भागातलं. लांबून भरतकाम वाटतं पण सुईचं काही नाही त्यात, सगळी नक्षी मागावरच जादाचे धागे घालून विणलेली असते. माग पण कसा, एक टोक समोर अडकवलेलं आणि दुसरं टोक विणणारीच्या कमरेला पट्ट्याने बांधलेलं, म्हणजे तिचं अंगच मागाचा भाग झालं, ती मागे रेलली की ताण येतो. एका किऱ्याला कित्येक महिने लागतात, भारी नक्षी असेल तर वर्ष. आपल्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते ना, कुशुथाराची तशी नसते, उलट बाजूला नक्षी दिसत नाही, म्हणून दुकानात कापड उलटवून बघितलं आणि नक्षी नाही दिसली तर नाराज होऊ नका, ते तसंच असतं.

हे बघायचं असेल तर थिंफूमधल्या रॉयल टेक्स्टाईल अकॅडमीला अर्धा दिवस द्या. टूरवाले बऱ्याचदा वेळ नाही म्हणून वगळतात, तुम्ही आधीच सांगून ठेवा. तिथे राजघराण्यातली जुनी वस्त्रं आहेत. मी तिथे एका विणणाऱ्या मुलीसमोर पाऊण तास बसले, तिने एकदाही मान वर केली नाही आणि त्या वेळात बोटभर पण कापड पुढे सरकलं नाही. त्यानंतर राणीचा फोटो बघताना मला आधी ती मुलगी दिसते.

विकत घ्यायचं असेल तर माझ्याकडून झालेली चूक सांगते. पहिल्याच दिवशी बाजारातल्या एका दुकानात "हातमागाचा आहे, राणीसारखा" असं सांगितल्यावर मी एक किरा घेतला, पैसे बरेच गेले, आणि अकॅडमीत गेल्यावर कळलं की तो मशिनवरचा. खूप वाईट वाटलं. म्हणून घेण्याआधी जोड बघा. कमरेच्या मागावर कापडाची रुंदी मर्यादितच निघते, त्यामुळे हातमागाच्या पूर्ण किऱ्यात सहसा तीन पट्टे शेजारी शेजारी शिवून जोडलेले असतात. अख्खं रुंद कापड एकसंध, कुठे जोड नाही, तर ते मशिनचं असण्याची शक्यता जास्त, आणि त्यातलं बरंचसं तर भारतातूनच गेलेलं असतं. मशिनचं घ्यायला काहीच हरकत नाही, तिथल्या बायका रोज तेच नेसतात, फक्त किंमत मशिनची द्या. खरा कुशुथारा हजारो रुपयांत नाही, दहा-दहा हजारांच्या पटीत जातो आणि भारी असेल तर लाखाच्या वर. तेवढं बजेट नसेल तर हातमागाचा केरा घ्या, कमरपट्टा, तो परवडतो आणि आपल्या साडीवर पण छान दिसतो, मी खणाच्या साडीवर बांधला होता, सगळ्यांनी विचारलं.

नेसायचा कसा हे पण विचारतात. पूर्ण किरा पहिल्यांदा एकटीने नेसायला जाऊ नका, नऊवारी जशी पहिल्यांदा कोणाकडून तरी नेसवून घेतो तसंच आहे. सुरुवात हाफ किऱ्याने करा, तो कमरेपासून खाली लुंगीसारखा गुंडाळायचा असतो, घोट्यापर्यंत लांब ठेवायचा, वर ठेवला तर ते बरं दिसत नाही. आधी वोंजू, मग किरा, मग केरा घट्ट, मग तेगो, आणि सगळ्यात शेवटी बाह्या उलटवायच्या. बाह्या दोन्ही हातांना सारख्याच रुंदीच्या उलटल्या पाहिजेत, यावर तिथल्या बायका फार बारीक लक्ष देतात, माझ्या बाह्या हॉटेलमधल्या ताईने तीनदा उलगडून परत दुमडल्या. कोमा हाफ किऱ्याला लागत नाहीत, जॅकेट पुढे ब्रोचने अडकवतात. नुसत्या फोटोसाठी हवं असेल तर थिंफूला सिम्पली भूतान नावाचं म्युझियम आहे, तिथे घो-किरा घालून देतात, पुरुषांना पण सांगा घो घालायला, माझे बाबा नाही नाही म्हणत होते आणि मग काढायलाच तयार नव्हते.

मुकुटाबद्दल पण थोडं. राजांच्या मुकुटावर कावळा आहे. आपल्याकडे कावळा म्हटलं की पितृपक्ष आठवतो, पण तिथे डोमकावळा म्हणजे महाकालाचं रूप, राज्याचा रक्षक आणि राष्ट्रीय पक्षी. 1907 मध्ये गादी सुरू झाली तेव्हापासून हा मुकुट या घराण्याची खूण आहे. लग्नात राजांनी राणीच्या डोक्यावर जो मुकुट ठेवला तो रेशमाचा, त्यावर फिनिक्स पक्षी. तो व्हिडिओ शोधून नक्की बघा, तिचे डोळे खाली आहेत आणि राजे फार हळू, सावकाश तो मुकुट नीट करतात.

सवयींबद्दल लोक विचारतात ते काय खातात, किती वाजता उठतात वगैरे. मला त्यांची चालायची सवय सगळ्यात महत्त्वाची वाटते. लग्नाला परदेशातले राजे-महाराजे, पंतप्रधान कोणाला बोलावलं नव्हतं, आणि लग्नानंतर पुनाखाहून थिंफूला येताना दोघं ठिकठिकाणी गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या लोकांना भेटत, चालत आले. कोविडमध्ये राजे महिनोन् महिने पायी, घोड्यावर, गाडीने दूरच्या गावांत फिरत होते, त्या वेळचे फोटो बघा, घो, डोक्यावर टोपी, पाठीवर सॅक. काही फोटोंत घो नाही, नारिंगी युनिफॉर्म आहे, तो देसूंग म्हणजे तिथल्या स्वयंसेवकांचा. तो दिसला की समजायचं संकटकाळ किंवा सेवेचं काम. तिथे किदू म्हणून एक पद्धत आहे, ज्याला जमीन नाही, आजारपण आहे, शिक्षण थांबलंय, तो थेट राजांकडे मागणं मांडू शकतो, आणि राजे फिरतीवर असले की लोक रस्त्यात वाट बघत उभे असतात. आमच्या ड्रायव्हरच्या शेजारणीला असं घर मिळालं होतं, हे सांगताना त्याचा आवाज बदलला होता. राहायला पण ते मोठ्या झगमगीत महालात राहत नाहीत, थिंफूमध्ये झोंगजवळ साध्या घरात राहतात. तिथे एक गोष्ट लक्षात ठेवा, त्या बाजूला फोटो काढायला मनाई आहे, गाईड सांगेल तेव्हा मोबाईल खरंच खाली ठेवा, "एकच काढते" करू नका.

दोघं हात धरून चालतात हे पण लोकांना फार आवडतं, भूतानमध्ये चारचौघात असं करायची पद्धत फारशी नव्हती. लग्नानंतर थिंफूच्या स्टेडियममध्ये लोकांनी गलका केल्यावर राजांनी राणीचं चुंबन घेतलं होतं त्याची तेव्हा जगभर बातमी झाली. आणि ती पिकनिकची गोष्ट, सतरा वर्षांचा राजपुत्र सात वर्षांच्या मुलीला म्हणतो मोठी झाल्यावर आपण दोघं मोकळे असलो तर लग्न करू, ती गाईड सांगतोच, न विचारता सांगतो.

जागा बघायच्या असतील तर पुनाखा झोंग चुकवू नका, दोन नद्या मिळतात तिथेच आहे, लग्न तिथलं. थिंफूचा ताशिछो झोंग संध्याकाळी ऑफिसं सुटल्यावर पर्यटकांना उघडतो. आत जाताना टोपी काढायची, पूर्ण बाह्यांचे कपडे, मंदिराच्या आत कॅमेरा बंद. बोट दाखवून "तो बघ राजाचा फोटो" असं करायचं नाही, तळहात उघडा ठेवून दाखवायचं. राजांचा फोटो छापलेला कागद, पेपर, कॅलेंडर खाली जमिनीवर टाकू नका किंवा त्यावर चप्पल, डबा ठेवू नका. बोलताना ते लोक "हिज मॅजेस्टी" म्हणतात, नुसतं नाव घेत नाहीत, आपणही तसंच म्हणावं. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "ला" लावतात, कुझुझांगपो ला, कादरिंछे ला म्हणजे नमस्कार आणि धन्यवाद, आपण "अहो" आणि "हो ना" ने जसा मान देतो तसाच तो "ला". हे दोन शब्द बोललात की समोरचा माणूस राजांबद्दल आपणहून बोलायला लागतो.

आठवण म्हणून काय आणायचं? मॅग्नेट आणू नका. 2011 मध्ये लग्नाच्या निमित्ताने 100 ङुल्त्रुमची खास नोट निघाली होती, त्यावर राजा-राणी दोघं आहेत. तिथलं चलन आपल्या रुपयाच्या बरोबरीचं. ती नोट कधीकधी सुट्ट्यात येते, नाहीतर दुकानदाराला प्रेमाने विचारा. पोस्टाची तिकिटं पण सुंदर, थिंफूच्या पोस्ट ऑफिसात आपल्या स्वतःच्या फोटोचं तिकीट पण छापून देतात.

घरी बसून फॉलो करायचं असेल तर राजे आणि राणी दोघांची अधिकृत पेजेस फेसबुकवर आहेत, तिथूनच फोटो बघा. 17 डिसेंबरला त्यांचा राष्ट्रीय दिन असतो, राजांचं भाषण असतं आणि नंतर ते गर्दीत लोकांमध्ये जातात, मुलांना उचलून घेतात, ते भूतानच्या टीव्हीवर आणि यूट्यूबवर बघायला मिळतं, भाषा नाही कळली तरी चालतं. व्हॉट्सअॅपवर "राणीचं ब्युटी सिक्रेट", "राणी रोज हे एक पाणी पिते" असले मेसेज फिरतात ते पुढे ढकलू नका, राणीचा चेहरा वापरून क्रीम आणि काढे विकायचे धंदे आहेत ते. तिच्याबद्दल खरंच जाणून घ्यायचं तर ती भूतान रेड क्रॉसची अध्यक्ष आहे, निसर्ग संरक्षणाच्या संस्थेची आश्रयदाती आहे, ते वाचा. आणि मुलांचे फोटो, आईवडिलांनी स्वतः टाकलेत तेवढेच बघावेत असं माझं ठाम मत आहे. कोणीतरी लांबून चोरून काढलेला असेल तर तो शेअर करू नका.

मोठ्या राजपुत्राचा जन्म 2016 मध्ये झाला तेव्हा भूतानमध्ये 1,08,000 झाडं लावली होती. आमच्या गाईडने पण त्यातलं एक लावलंय, पारोच्या वरच्या अंगाला. शेवटच्या दिवशी मावशीने हट्टाने गाडी तिकडे वळवायला लावली, अर्धा तास जास्त गेला, झाड तिच्या डोक्याच्याही वर गेलं होतं. तिथे तिने फोटो काढला, राजा-राणीच्या पोस्टरसमोर काढला होता तेवढ्याच आनंदाने, आणि तो आता तिच्या देवघराशेजारच्या भिंतीवर आहे.